घर हलतंय, पुस्तक अर्धं आहे: वसईच्या एका लेखिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावची बाई लहान मुलांसाठी मराठीत लिहिते. आजवर तिची दोन पुस्तकं आली आहेत. नवऱ्याची बदली पुण्याला झाली, वाडीतल्या घरातला वाटा विकला गेला, आणि मे महिन्यात बिऱ्हाड हलवायचं आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मुलीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, पुढच्या वर्षी आहे. घरात चौदाशे पुस्तकं आहेत, सासूबाईंची प्रार्थनेची वेदी आहे आणि जुलैअखेर द्यायचं एक हस्तलिखित आहे. गोष्ट गावच्या चर्चच्या सणाची. प्रकाशकाकडून निरोप आला आहे की 'मिस्सा' (चर्चमधली मुख्य उपासना), 'रोझरी' (मण्यांची माळ ओढत म्हणायची प्रार्थना) हे शब्द सगळ्या मुलांना कळणार नाहीत, ते काढा किंवा तळटीप द्या. ती विचारते: "मावशी, यातलं आधी काय करू? पुस्तक सोडून देऊ का? आणि पुण्यात बसून इथलं लिहिता येईल का?"

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. वसईहून नाशिक, तिथून श्रीरामपूर, मग पुणे आणि निवृत्तीनंतर परत वसई, असं चार वेळा आमचं बिऱ्हाड हललं. त्या वर्षांत माझी मुलांसाठीची अकरा पुस्तकं झाली. पहिल्या दोन खेपांना मी सगळंच एकदम ओढायला गेले आणि पुष्कळ गमावलं. काय गमावलं ते पुढे सांगतेच.

तुझं पहिलं उत्तर आधी देते. पुस्तक सोडू नकोस. पण मे-जूनमध्ये ते लिहायलाही बसू नकोस. आजच प्रकाशकांना पत्र लिही आणि सप्टेंबरअखेरची तारीख माग. एकदाच माग, आणि पाळता येईल अशी माग. मुलांच्या पुस्तकात चित्रकाराचं काम महिनोन् महिने चालतं, त्यामुळे चार महिने आधी सांगितलंस तर त्यांना वेळापत्रक हलवता येतं. पंचवीस जुलैला फोन केलास तर चित्रकाराचे ते दिवस वाया जातात आणि तुझ्यावरचा विश्वासही.

बिऱ्हाड हलत असताना प्रुफं तपासता येतात, जुन्या गोष्टीची शुद्ध प्रत काढता येते, पत्रव्यवहार होतो. मुलांची गोष्ट मात्र लिहून होत नाही, निदान माझी तरी झाली नाही. बत्तीस पानांच्या चित्रपुस्तकात जेमतेम सात-आठशे शब्द असतात. त्यातला एकेक मोठ्यानं म्हणून पाहावा लागतो. वाक्य संपतं तिथे पान उलटायचं की अर्ध्यावर उलटायचं, हे ठरवायला सकाळ लागते. पहिलीतल्या मुलासाठी लिहितेस तर जोडाक्षरं मोजावी लागतात. 'प्रार्थना' या एका शब्दात दोन जोडाक्षरं आहेत, ते मूल तिथे अडखळणार, म्हणून त्याच्या आधीचं वाक्य सोपं ठेवायचं. टेम्पोवाल्याचा फोन येतोय, गॅसचं कार्ड बदलायचंय, मुलांचे दाखले काढायचेत, अशा वेळी ते कान मिटलेले असतात. नाशिकला जाताना मी हट्टानं एक गोष्ट पुरी केली होती. ती छापलीही गेली. आज ती वाचताना कुठल्या दिवशी कुठलं सामान बांधलं जात होतं ते मला त्या वाक्यांत दिसतं.

मग या तीन महिन्यांत लिहायचं काय? एक साधी वही घे, शंभर पानी. रोज पंधरा मिनिटं घराच्या एकाच जागेवर जाऊन जमिनीवर बस. खुर्चीवर बसू नकोस, जमिनीवरच, कारण तुझ्या वाचकांचे डोळे त्या उंचीवर असतात. तिथून काय दिसतं ते लिही. पडवीतला झोपाळा खालून कसा दिसतो. सासूबाईंच्या पलंगाखाली काय काय आहे. सुकेळी, म्हणजे सुकवायची केळी, वाळत घातली की माश्या कुठून येतात आणि हाकलायचं काम कुणाकडे असतं. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर मुलांना किती अंतरावरून 'पुढे जाऊ नका' अशी हाक येते. गोष्ट जुळवू नकोस, उपमा शोधू नकोस, फक्त टिपून ठेव.

हे इतकं आग्रहानं सांगते कारण नाशिकला गेल्यावर सहा महिन्यांनी मी माहेरच्या घरावर लिहायला बसले, आणि पडवीतून आत जाताना एक पायरी चढायची की उतरायची तेच मला आठवेना. त्या घरात मी बावीस वर्षं राहिले होते. घराविषयीची माया सगळी जागच्या जागी होती, पायरी मात्र गेली होती. मोठ्यांच्या कादंबरीत अशा वेळी मायेवर निभावून नेता येतं. मुलाला पायरीच हवी असते, कारण त्याचा पाय तिथे अडखळतो.

वहीबरोबर फोनवर आवाजही घेऊन ठेव. संध्याकाळची चर्चची घंटा, रहाटाचा किंवा पंपाचा आवाज, आणि विशेषतः सासूबाईंचं बोलणं. तू सामवेदी बोलीच्या घरातली दिसतेस. ती बोली पुण्याच्या सोसायटीत तुझ्या मुलांच्या कानावर रोज पडणार नाही, आणि तुझ्याही. सासूबाईंना त्यांच्या लहानपणीचा सण त्यांच्याच बोलीत सांगायला लाव, मध्ये बोलू नकोस, अर्धा तास चालू दे. पुढे तुझ्या गोष्टीतल्या आजीच्या तोंडी पाच-सहा वाक्यं बोलीतली आली तरी पुरतात, पण ती अस्सल हवीत.

आणि फोटो काढ. माझ्या तिसऱ्या पुस्तकात वसईची आजी आहे. चित्रकार दुसऱ्या शहरातला, मन लावून काम करणारा. त्यानं पत्रानं विचारलं होतं की आजी दिसते कशी, चर्च दिसतं कसं. माझे सगळे फोटो श्रीरामपूरच्या घरात न उघडलेल्या खोक्यात होते. 'ख्रिस्ती आजी, चष्मा, गोल चेहरा' एवढंच मी कळवलं. पुस्तक आलं तेव्हा आजीच्या अंगात काळा पायघोळ झगा होता आणि चर्च परदेशी नाताळकार्डावरचं होतं. आमच्या आजीनं जन्मभर लुगडं नेसलं. चित्रकाराचा काही दोष नव्हता. तेव्हा घराचे, गल्लीतल्या क्रुसाचे, चर्चच्या दर्शनी भिंतीचे, सणाच्या दिवशी नेसायच्या लुगड्याचे, वेदीवरच्या फुलांचे फोटो आत्ता काढ आणि सामान बांधण्याआधीच प्रकाशकांकडे पाठवून दे.

आता चौदाशे पुस्तकं. दोनशे पानांचं साधं मराठी पुस्तक पाव किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तुझी पुस्तकं साडेतीनशे किलोच्या घरात जातात. चित्रांची पुस्तकं पातळ असली तरी गुळगुळीत कागदामुळे जड असतात. एका खोक्यात पंधरा किलोच्या वर भरू नकोस, म्हणजे सगळी न्यायची तर तेवीस-चोवीस खोकी झाली. सगळी नेऊ नकोस. वाडीतल्या घरात पुस्तकं पोटमाळ्यावर चढली, तशी फ्लॅटमध्ये चढत नाहीत. ती पलंगाखाली जातात आणि तिथून कुणीच काढत नाही. पाचशेच्या आत ये. मी लावते ती परीक्षा अशी: हे पुस्तक मी एखाद्या मुलाला मांडीवर घेऊन पुन्हा वाचून दाखवीन का? होय असेल तर खोक्यात. शब्दकोश आणि बायबल यांना परीक्षा नाही. मुलांनी फाडलेली, चिकटपट्ट्या लावलेली आवडती पुस्तकं टाकायचा विचारही करू नकोस. बाकीची शाळेच्या ग्रंथालयाला किंवा गावच्या वाचनालयाला दे, पण आधी विचारून, यादी दाखवून.

तुझ्या स्वतःच्या पुस्तकांची एकेक प्रत अशी असेल जिच्यात पेन्सिलनं दुरुस्त्या केल्या आहेत. नसेल तर आजपासून ठेव. ती प्रत टेम्पोत देऊ नकोस, हातातल्या पिशवीत ठेव. नाशिक सोडताना आमचं एक खोकं वाटेत गहाळ झालं, त्यात माझ्या पहिल्या पुस्तकाची दुरुस्त केलेली प्रत होती. दुसरी आवृत्ती जुन्याच चुकांसकट निघाली, आणि त्या चुका शाळेतल्या मुलांनी वाचल्या याचं मला अजून वाईट वाटतं.

कागद चाळतेसच तर करारपत्रंही वेगळी काढून वाच. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. तुझं पहिलं पुस्तक बाजारात मिळत नसेल आणि करारात मुदत घातलेली नसेल, तर त्याचे हक्क कदाचित तुझ्याकडे परत आलेही असतील. असे कागद बायकांच्या हाती बहुतेकदा घर बदलतानाच लागतात. पत्ता बदलल्याचं प्रकाशकांना लेखी कळव, नाहीतर मानधनाचं पत्र जुन्या दाराशी जाईल.

पुस्तकं विसाव्या मेच्या आत पोचव. मुंबईकडे मान्सूनची सरासरी तारीख अकरा जून आहे, पण वळवाचा पाऊस तारीख पाळत नाही आणि ताडपत्रीवर कुणी विसंबू नये. वसईच्या दमट हवेतली पुस्तकं आपल्याबरोबर कसर घेऊन जातात, म्हणून भरण्याआधी दोन दिवस सावलीत उघडी उभी करून ठेव आणि पानं झटक. खोक्यात वेखंडाची पुरचुंडी टाक किंवा कडुलिंबाचा पाला, पण पाला कडकडीत वाळलेला हवा. मुलांच्या पुस्तकांत डांबराच्या गोळ्या नकोत. ती पुस्तकं पुढे उशाशी येतात, कधी तोंडातही जातात.

वेदीबद्दल तू फार हळवेपणानं लिहिलं आहेस. मी काय केलं तेवढं सांगते. वेदी सर्वांत शेवटी उतरवायची आणि सर्वांत आधी मांडायची. मूर्ती आणि क्रूस टेम्पोत नाहीत, मांडीवर. सासूबाईंच्या एखाद्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळ, त्यांनाच गुंडाळू दे. त्यांच्याकडे या धावपळीत एवढं एकच काम उरलं असेल, ते हिरावून घेऊ नकोस. वेदीच्या खणात तुटलेली मूर्ती, झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्या, मेणबत्त्यांचे तुकडे, बांधणी सुटलेलं बायबल असं बरंच निघेल. आशीर्वादित वस्तूंचा मान राखावा आणि त्या हलक्या कामाला वापरू नयेत, असा चर्चचा नियमच आहे. त्या रद्दीत किंवा कचऱ्यात जात नाहीत. जाळून राख मातीत मिसळतात किंवा पुरतात. वाडी दुसऱ्याची होणार, म्हणून तिथे पुरू नकोस, चर्चमध्ये नेऊन दे. झावळ्या तर फादर आनंदानं घेतील, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची राख झावळ्यांचीच होते.

नव्या घराच्या आशीर्वादासाठी सगळं लागेपर्यंत थांबतात लोक, पडदे शिवून होईपर्यंत. थांबायची गरज नाही. फादर त्यांच्या सवडीनं येतील. पहिल्या रात्री मात्र गाद्या जमिनीवर टाकलेल्या असताना वेदी मांडा, मेणबत्ती लावा, रोज म्हणता तीच प्रार्थना म्हणा आणि मुलांना वसईच्या शेवटच्या रात्री जे पुस्तक वाचलं होतंस तेच पुन्हा वाच. यासाठी एक पिशवी वेगळी ठेवायची: मेणबत्ती, काडेपेटी, क्रूस आणि ते एक पुस्तक. श्रीरामपूरला गेलो त्या रात्री दिवे नव्हते. माझा धाकटा त्या काळोखात रडायला लागला होता. ओळखीचं वाक्य ऐकलं आणि पुढचं वाक्य त्यानं स्वतःच म्हटलं.

मुलीच्या कम्युनियनची चौकशी एप्रिलमध्येच कर, कारण धर्मशिक्षणाचे वर्ग बहुतेक ठिकाणी जूनला सुरू होतात आणि काही धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, तयारी दोन वर्षांची असते. इथे झालेल्या वर्गांचं फादरांकडून पत्र घे. नवीन जागी आपण 'पाहुणे' आहोत असं मानून वर्षभर मागच्या बाकावर बसू नकोस. चर्चच्या कायद्याप्रमाणे जिथे कायमचं राहायचं म्हणून माणूस राहायला जातो, तिथला तो पहिल्या दिवसापासून रहिवासी, आणि तिथले फादर हे त्याचे फादर. वसईच्या गावांत बहुतेक मिस्सा मराठी. पुण्यात तसं नाही. तिथल्या चर्चमध्ये गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, मल्याळी आणि नगरकडचे मराठी लोक एकत्र आहेत, त्यामुळे मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता हे आधी विचारून घे. वसई धर्मप्रांत १९९८ साली झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे पुढे २००९ मध्ये पुण्याचे बिशप झाले. वसईचं मराठी घेऊन त्या गावी जाणारी तू पहिली नाहीस.

नगरकडच्या बायकांशी मैत्री कर, लेखिका म्हणून सांगते. श्रीरामपूरला, म्हणजे नगर जिल्ह्यातच, आमच्या शेजारणीनं मला हरेगावच्या यात्रेला नेलं. सप्टेंबरात पवित्र मरियेच्या जन्माच्या सुमाराला ती भरते. तिथे मरियेला 'मतमाउली' म्हणतात. मी वसईत वाढलेली, चाळिशीच्या आतबाहेरची, आणि हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला. माउली म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात जे जे हलतं ते सगळं त्या शब्दात होतं. बदली झाली नसती तर तो मला मिळाला नसता. पुण्यात बसून इथलं लिहिता येईल का, असं तू विचारतेस. वही भरलेली असेल तर येईल, आणि इथे बसून जे दिसत नव्हतं ते तिथून दिसेलही.

आता प्रकाशकांच्या निरोपाकडे येते, कारण मला वाटतं तुझ्या पोटात खरं तेच दुखतं आहे.

शब्द काढू नकोस. तळटीपही देऊ नकोस. आपली वसईची मुलं शाळेच्या पुस्तकांतून पोळा वाचतात, वारी वाचतात, भाऊबीज वाचतात. त्यांना कुणी तळटीप देत नाही, द्यायची गरजही पडत नाही. बैलांच्या शिंगांना रंग लावणारा मुलगा दिसला की पोळा कळतो. तसंच करायचं. 'आजी रोझरी म्हणत होती' असं लिहिलंस तर न कळणाऱ्या मुलाला शब्द अडेल. 'आजीच्या बोटांतून मणी सरकत होते. दहा मणी झाले की ती एक डोळा उघडून मी जागी आहे का बघायची' असं लिहिलंस तर वाचणाऱ्या मुलाची आजी माळ ओढणारी असो, तसबीह घेणारी असो, त्याला ती आजी आपली वाटेल. त्यानंतर 'रोझरी' हा शब्द आला तर तो आपोआप पाठ होतो. मात्र घरात जो शब्द बोलतेस तोच ठेव. घरात 'रोझरी' म्हणून पुस्तकात 'जपमाळ' करू नकोस.

ही वाट जुनी आहे. मूळचे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत सांगायला घेतली तेव्हा ओवी निवडली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानात ती आधीपासून होती. १६१६ साली ते काव्य, 'ख्रिस्तपुराण', छापलं गेलं. नवी नावं, नवे प्रसंग, पण लय ओळखीची. मुलांच्या पुस्तकाला हे अगदी जसंच्या तसं लागू पडतं. वाक्याची चाल ओळखीची असली की मूल दोन-तीन अनोळखी शब्द सहज पेलतं. तेव्हा प्रकाशकांना वाद घालणारं पत्र लिहू नकोस. ती दोन पानं नव्यानं लिहून पाठव आणि त्यांच्या घरातल्या एखाद्या मुलाला वाचून दाखवायला सांग.

दुसरीकडे तुला एक जपायला सांगते, आणि हे सांगताना मला जड जातं. बत्तिसाव्या वर्षी मी एक गोष्ट लिहिली होती. मुलगा खोटं बोलतो, आजारी पडतो, प्रार्थना करतो, बरा होतो. सगळ्यांना आवडली. काही वर्षांनी एक आई मला भेटली. तिची मुलगी फार दिवस रुग्णालयात होती. गोष्ट ऐकून त्या मुलीनं आईला विचारलं होतं, "मी काय खोटं बोलले होते?" मी ती गोष्ट पुन्हा छापू दिली नाही. त्या दिवसापासून माझ्या गोष्टींतला देव कुणाला शिक्षा करत नाही, आणि कुणाची प्रार्थना पुरी झाली म्हणून गोष्ट संपत नाही. श्रद्धा लिहायची असेल तर मोठी माणसं दमलेली असतानाही जे करतात ते लिही. सासूबाई गुडघे दुखत असताना वेदीची फुलं बदलतात, ते मूल बघतं. तेवढं खरंखुरं लिहिलंस तर ती श्रद्धा आहे हे कुठल्याही धर्माच्या मुलाला समजतं, आणि कुणाच्या आईवडिलांना त्याची भीती वाटत नाही.

पुस्तकाच्या शेवटी लहान मुलांच्या प्रार्थना घालायच्या म्हणतेस, त्या या पुस्तकात नकोत. एक तर त्यांनी गोष्टीचा पाठ होतो. दुसरं म्हणजे गोष्टीच्या पुस्तकाला चर्चची परवानगी लागत नाही, पण प्रार्थनापुस्तकाला आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला लागते. ती देतात तुझ्या राहत्या ठिकाणचे किंवा पुस्तक निघतं त्या ठिकाणचे बिशप. म्हणजे मेनंतर तुझ्यासाठी ते पुण्याचे. प्रार्थनांचं वेगळं पुस्तक करायचं मनात असेल तर तिथे स्थिरावल्यावर रीतसर कर, त्याला वाचक आहेत.

मुलगी रोज विचारते की 'आपण गेल्यावर इथे आपल्याला कोण ओळखेल', असं तू शेवटी लिहिलं आहेस. त्यावर तू काय सांगतेस ते लिहिलं नाहीस, बहुधा काही सुचलं नसेल. माझ्या थोरल्यानं हेच विचारलं होतं, तो तेव्हा सात वर्षांचा होता. मला तर काहीच सुचलं नव्हतं. दाखला काढायला मी चर्चच्या कार्यालयात गेले तेव्हा तो बरोबर होता. फादरांनी बाप्तिस्म्याची नोंदवही काढली, भली मोठी, कापडी बांधणीची. पान उघडून त्याला स्टुलावर उभं केलं आणि त्याचं नाव दाखवलं. शाईनं लिहिलेलं, वळणदार. त्यानं विचारलं, "हे पण न्यायचं?" फादर म्हणाले, "हे इथून कधी हलत नाही. उद्या तुझं दृढीकरण कुठेही झालं, लग्न कुठेही झालं, तरी तिथले फादर आम्हाला कळवतात, आणि आम्ही ते इथे तुझ्या नावापुढे लिहितो." समासातली मोकळी जागा त्यांनी बोटानं दाखवली. तो बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. घरी येऊन आपलं खेळण्यांचं खोकं त्यानं स्वतः भरायला घेतलं.

दाखले तुला काढायचेच आहेत. शाळा सुटल्यावर दोघांना घेऊन जा, नोंदवही दाखवाल का असं फादरांना विचार. तुझी ती शंभर पानी वही बरोबर ने.